चौथी खुर्ची

इतरांची कबुली ऐकून घेणे हे धर्मगुरूचे नित्याचे काम. आज मात्र आम्हांलाच वाचकांपुढे एक कबुली द्यावयाची आहे. २०२५ च्या मे महिन्यात, शाळांना सुट्टी असताना, पेडणे तालुक्यातील आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात आम्ही एका सुंदर खेळाचे प्रात्यक्षिक ठेवले आणि त्याचा पुरता विचका केला. तो विचका कसा झाला, तो कोणी सावरला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात डिचोली तालुक्यातील एका फेस्ताला त्याच खेळाभोवती माणसे कशी जमली, हे सांगण्यासारखे आहे. आपल्याजवळची चांगली गोष्ट दुसऱ्याच्या हाती कशी द्यावी, हा प्रश्न प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांना केव्हा ना केव्हा पडतोच.

खेळ होता गंजिफांचा. पत्रादेवीची चौकी ओलांडून बांद्यावरून गेले की सावंतवाडी फार दूर नाही. १७८८ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात जाण्यापूर्वी आपला पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. तेव्हा सावंतवाडीचा हा खेळ आपल्याला परका नव्हे. तेथील राजवाड्यात आजही कारागीर मांडी घालून बसलेले दिसतात आणि हातातील लहानशा गोल पानावर बारीक कुंचल्याने चित्र काढतात. ही कला विझण्याच्या बेतात असताना शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुढाकार घेतला. पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती विद्या नव्या हातांत आली आणि १९७० नंतरच्या दशकात राजवाड्यातच हे काम पुन्हा सुरू झाले. अशी एक रंगविलेली पेटी एका स्नेह्याने आम्हांला भेट दिली होती.

पेटीत १२० पाने. रंग दहा, विष्णूच्या दहा अवतारांचे. प्रत्येक रंगात बारा पाने. पहिला राजा, दुसरा वजीर, आणि मग एकापासून दहापर्यंतची पाने. आपल्या नेहमीच्या बावन्न पानांच्या जोडासारखा येथे हुकूम नसतो. ज्या रंगाची उतारी, त्याच रंगाचे मोठे पान हात करते. परंतु ह्या खेळात एक गंमत आहे. दहांपैकी पाच रंगांत वजिराखाली दहा थोरला आणि एक्का सर्वांत धाकटा. उरलेल्या पाच रंगांत नेमके उलटे, एक्का थोरला आणि दहा धाकटा. खेळणाऱ्याने क्षणोक्षणी ध्यानात ठेवावयाचे की आपण कोणाच्या घरात आहोत.

ही झाली पेटीची माहिती. पण खरी अडचण पेटीबाहेर आहे. आज गंजिफा विकत घेणारे बहुतेक लोक ती काचेच्या कपाटात ठेवतात. पाहुण्यांना दाखवितात, पुन्हा झाकण लावतात. पाने उरली आहेत. खेळणारे हात मात्र विरळ झाले आहेत. चित्र कागदावर टिकते, खेळ कागदावर टिकत नाही. तो माणसाकडून माणसाकडे जातो, आणि एका पिढीने तो दिला नाही तर पुढच्या पिढीला तो केवळ नक्षी म्हणून मिळतो. म्हणून आम्ही प्रात्यक्षिक ठेवण्याचे ठरविले.

त्या रविवारी मिस्सानंतर तीसएक माणसे सभागृहात बसली. आम्ही उभे राहिलो आणि बोलू लागलो. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन यांस गंजिफांचा जोड पाठविला, हे सांगितले. अकबराच्या दरबारातील बारा रंगांचा आणि १४४ पानांचा जोड अबुल फजलने वर्णिला आहे, तेही सांगितले. दहा रंगांच्या दहा खुणा फळ्यावर काढल्या. थोरल्या-धाकट्याचा उलटा क्रम दोनदा समजावला. सेमिनरीत आम्ही जसे शिकलो तसेच शिकवीत होतो: आधी व्याख्या, मग विभाग, मग पोटविभाग. पाऊण तास झाला. पुढच्या बाकावरील एक मुलगा निजला. दोन मुली खिडकीतून कैऱ्या मोजीत होत्या. अखेर “आता खेळू या,” असे आम्ही म्हटले तेव्हा सभागृहात सात माणसे उरली होती, आणि त्यांतील तिघे पंख्याखाली बसावयास मिळते म्हणून थांबले होते.

मागच्या भिंतीशी तेरेखोल नदीच्या बाजूच्या वाडीवरील एक वृद्ध शेजारी बसले होते. वय ऐंशीच्या पुढचे. ते आपल्या समाजातले नव्हेत. प्रात्यक्षिकाची बातमी ऐकून नातवाच्या स्कूटरवरून आले होते. लोक पांगल्यावर ते काठी टेकीत पुढे आले.

“व्याख्यान बरे झाले, फादर,” ते म्हणाले. “खेळ कधी?”

आम्ही हसलो, पण मनातून ओशाळलो. आजोबांना खेळ येतो का, असे विचारले. लहानपणी सावंतवाडीकडील मामांनी शिकविला, असे ते म्हणाले. थोरले बंधू, शेजारचे एक मित्र आणि ते स्वतः असे तिघे पावसाळ्यात रात्र-रात्र बसत. “हा तीन हातांचा खेळ. आधी तिघे होतो. मग दोघे उरलो. मग पेटी ट्रंकेत गेली.” किती वर्षे झाली, असे विचारता त्यांनी बोटे मोजली आणि तीसवर थांबले.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांना मेजाशी बसविले आणि स्वतः गप्प राहण्याचे कबूल केले. त्यांनी प्रथम मेजावर पांढरी चादर अंथरावयास लावली. मग पेटीतून १२० पाने न काढता फक्त दोनच रंग काढले, मत्स्य आणि राम. कारण हे दोन उलटसुलट क्रमाच्या दोन गटांतले आहेत. दोन रंगांची चोवीस पाने. तीन मुले बसविली, प्रत्येकास आठ पाने वाटली, तीही उघडी, सर्वांना दिसतील अशी. “राम कोणाकडे आहे? दिवस आहे, तर रामाची उतारी. रात्र असती तर कृष्णाची,” एवढेच ते म्हणाले. एका मुलाने रामाचा राजा टाकला. “ह्याच्यावर कोण आहे? कोणी नाही. हात तुझा. आता पुढचे पान टाक.”

चौथ्या उतारीला बारा वर्षांच्या एका मुलीने मोठ्या ऐटीने दहाचे पान टाकले, आणि शेजारच्या मुलाने एक्क्याने तिचा हात नेला. ती उसळून म्हणाली, “दहा मोठे की एक?” आजोबा शांतपणे म्हणाले, “ह्या घरात धाकटा थोरला. त्या घरात थोरला थोरला.” आम्ही फळ्यावर दोनदा सांगूनही जे कोणाच्या डोक्यात शिरले नव्हते, ते एक हात गमावताच तिच्या कायमचे लक्षात राहिले. वाचकांना येथे शुभवर्तमानातील एक वचन आठवेल. आम्हांलाही आठवले. आम्ही ते त्या वेळी बोललो नाही, हे बरे झाले.

दहा मिनिटांत डाव संपला. दुसरा डाव मुलांनी पाने झाकून मागितला. तिसऱ्या रविवारी चार रंग झाले, म्हणजे प्रत्येकास सोळा पाने. जून उलटेपर्यंत दहाही रंग मेजावर आले आणि प्रत्येकाच्या हातात चाळीस पाने मावेनाशी झाली. जुन्या खेळात बारकावे आणखी आहेत. आजोबा ते एकेक करून, प्रसंग आला म्हणजे सांगतात. प्रसंगाआधी कधीच नाही.

ह्याच सुमारास एका मातेने आमच्याकडे येऊन विचारले, “फादर, ह्या पानांवर शेजाऱ्यांचे देव आहेत. आमच्या पोरांनी ती हातात घ्यावी का?” प्रश्न प्रामाणिक होता आणि तो चारचौघांत बोलून दाखविण्याचे धैर्य तिने केले. आम्ही तिला म्हटले की खेळणे म्हणजे पूजन नव्हे, आणि पान टाकताना कोणी कोणास धर्म सोडावयास सांगत नाही. परंतु जे आपल्याला खेळाचे पान, ते शेजाऱ्याला पूज्य चित्र आहे, याचा विसर पडू नये. म्हणून हात धुऊन बसावे, पान जमिनीवर टाकू नये. तरीही ज्या घराचे मन कचरते, त्यांच्यासाठी आठ रंगांचा आणि ९६ पानांचा मोगली जोड आहे. त्यात अवतार नाहीत. आजोबांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, “पाय लागला तर नमस्कार आम्ही करू. तुम्ही फक्त पाय लागू देऊ नका.” तेव्हापासून हा आमच्या मेजाचा पहिला नियम झाला आहे.

हाताने रंगविलेली पेटी सर्वसाधारण कुटुंबास परवडणारी नाही. मुलांनी त्यावर स्वतःच तोड काढली. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद गोळा केले, स्टीलच्या लहान पेल्याची कड ठेवून गोल आखले आणि कात्रीने कापले. त्यांवर अवतारांऐवजी केवळ खुणा काढल्या: मासा, कासव, बाण, गाय वगैरे. मासा काढणारी मुले हरमलच्या किनाऱ्याकडची असल्यामुळे मत्स्याच्या रंगात बारा अस्सल बांगडे अवतरले. आजोबांनी ते पाहिले, डोळे मिचकावले आणि वाटणी सुरू केली.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बार्देशातील हडफडे येथे बुद्धिबळाचा जागतिक चषक खेळला गेला आणि उझबेकिस्तानच्या एकोणीस वर्षांच्या जवोखिर सिंदारोव यांनी तो जिंकला. आमची मुले ते डाव मोबाइलवर तासन्‌तास पाहत होती. थोरांचा खेळ पाहण्यात आनंद आहे, आणि त्यातून इच्छा जागी होते. पण पाहण्याने खेळता येत नाही. जर्मनीतील एसेन शहरात १९८३ पासून दरवर्षी मेजावरील खेळांची मोठी जत्रा भरते. तेथे लाखांवर माणसे येतात ती केवळ पाहावयास नव्हे. मेजाशी बसतात, कोणीतरी अनोळखी माणूस त्यांना खेळ समजावून देतो, आणि ती खेळू लागतात. तो समजावणारा माणूस तेथे महत्त्वाचा. आमच्या सभागृहात पहिल्या रविवारी त्याचीच उणीव होती. वक्ता मात्र भरपूर होता.

डिसेंबरात डिचोली तालुक्यातील आमच्या एका धर्मगुरू मित्राने निरोप पाठविला: फेस्ताला तुमचे मेज घेऊन या. सभागृहात बोलावलेले लोक बसून ऐकतात. फेस्तात कोणी कोणाचे ऐकत नाही. एकीकडे खाजे-चण्यांची दुकाने, दुसरीकडे बँड, मधून पळणारी मुले. तेथे व्याख्यान चालणे शक्यच नव्हते, आणि हाच आमचा मोठा फायदा झाला. आम्ही आठ मुले व तीन मेजे नेली. लग्नपत्रिकांचे जोड मेजावर ठेवले. रंगविलेली पेटी उघडी करून मागे ठेवली, की येणाऱ्याचे लक्ष वेधावे.

प्रत्येक मेजाभोवती खुर्च्या चार. खेळणारे तिघेच, चौथी खुर्ची रिकामी. ही युक्ती त्या बारा वर्षांच्या मुलीची. येणारा-जाणारा उभा राहून पाहतो, पण “या, खेळा,” असे म्हटले की दचकून मागे सरतो. आपले अज्ञान उघडे पडेल अशी त्याला भीती वाटते. “या, बसा,” असे म्हटले की बसतो. बसला की एक डाव पाहतो. चोवीस पानांचा डाव दहा मिनिटांत संपतो, आणि ज्याने सर्वांत अधिक हात केले त्याने उठावयाचे असा आमचा नियम. जिंकणारा उठतो, चौथ्या खुर्चीवरचा त्याच्या जागी सरकतो आणि चौथी खुर्ची पुन्हा रिकामी होते. हरलेल्याला आणखी एक डाव मिळतो, आणि त्यालाच तर त्याची गरज असते. उठलेला विजेता नव्या माणसाच्या पाठीशी उभा राहतो. त्याला बोलावयाची मुभा आहे. पानाला हात लावावयाची नाही.

संध्याकाळी ट्रक चालविणारे एक गृहस्थ आपल्या लहान मुलीला घेऊन आले. मुलगी खेळावयास बसली, ते मागे उभे राहिले. “पैसे किती लावता?” त्यांनी विचारले. काहीच नाही, असे ऐकून ते हसले. “पैसे नाहीत तर कसला खेळ?” आम्हांला उत्तर सुचले होते. मांडवीच्या पात्रात रात्रभर उजळणाऱ्या कॅसिनोंविषयी आणि जत्रेच्या कोपऱ्यात कंदिलाखाली चालणाऱ्या जुगाराविषयी आम्ही बरेच बोलू शकलो असतो, आणि त्यात खोटे काही नव्हते. परंतु मे महिन्यातील तो निजलेला मुलगा आमच्या डोळ्यांपुढे आला. आम्ही फक्त चौथी खुर्ची पुढे केली. ते बसले.

बसल्याबरोबर ते मुलीला सांगू लागले: हे टाक, ते नको. आमच्या मेजावरील दहा वर्षांच्या शिक्षकाने त्यांना नम्रपणे सांगितले, “काका, पाहणाऱ्याने बोलावयाचे नाही. पुढच्या डावात तुम्ही.” पुढच्या डावात ते बापलेक समोरासमोर आले. तोवर अंधार पडला, फेस्ताचे दिवे लागले आणि तिन्ही मेजांवरून मुले एकदम ओरडली, “आता कृष्ण! आता कृष्ण!” रामाच्या जोडीचा रंग काढून कृष्णाचा घातला गेला. गृहस्थ आयुष्यभर पत्ते खेळलेले. दहाचे पान म्हणजे भारी, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेले. मुलीला तसले काही विसरावयाचे नव्हते. तिने पाच हात केले, त्यांनी एक. ती टाळ्या पिटीत उठली, नियमाप्रमाणे त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “पप्पा, ह्या घरात उलटे असते.”

ते आणखी चार डाव बसले. पैशांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. जाताना एक लग्नपत्रिकेचा जोड मागून घेतला.

त्या रात्री परतताना आम्ही स्वतःशी हिशेब केला. पहिल्या रविवारी आम्हांला माहिती अधिक होती आणि श्रोतेही अधिक होते. तरी खेळ एकालाही आला नाही. फेस्तात बाबराचे नाव कोणी घेतले नाही, आणि चाळीसच्या वर माणसे खेळून उठली. माहिती वाईट नव्हे. पण माणूस एकदा खेळला की ती तो स्वतःच विचारतो. त्या गृहस्थांनीही निघताना विचारलेच, “हा खेळ आला कुठून?” तेव्हा आम्ही त्यांना सावंतवाडी सांगितली, बाबर सांगितला, आणि ते उभे राहून ऐकत होते.

आपल्या घरातही असेच घडते. विणकाम, जाळे विणणे, सांदण्याचे पीठ भिजविणे, नारळाच्या झावळीचे मल्ल विणणे, जुनी गाणी: वडीलधाऱ्यांना हे सारे येते, आणि मुलांना येत नाही म्हणून ते खंतावतात. मुले ऐकत नाहीत, ही तक्रार आम्ही रोज ऐकतो. कदाचित मुलांना ऐकविण्याऐवजी जवळ बसवावयास हवे असेल. दोरा त्यांच्या हातात द्यावा, तो गुंतू द्यावा, आणि आपण हात मागे बांधून राहावे. हे शेवटचे सर्वांत कठीण. चुकत असलेल्या हाताकडे पाहत स्वस्थ बसणे आम्हांलाही अजून पुरतेपणी साधलेले नाही.

ज्यांना आपल्या गावात असे मेज मांडावयाचे असेल त्यांनी थोडक्याने आरंभ करावा: दोन रंग, चोवीस पाने, पहिला डाव उघडा. पहिला हात खेळून होईपर्यंत नियम सांगू नये. शिकविणाऱ्याने समोर बसू नये, शेजारी बसावे. पैसा मेजावर येऊ देऊ नये. लोक कंटाळण्याआधी उठावे, म्हणजे ते पुढच्या रविवारी पुन्हा येतात. आणि एक खुर्ची नेहमी रिकामी ठेवावी.

फेस्तानंतर आजोबांना भेटावयास गेलो. थंडीमुळे ते आले नव्हते. “किती हात बसले?” त्यांनी पहिल्याप्रथम विचारले. एका वेळी नऊ, असे आम्ही सांगितले. ते काही बोलले नाहीत. उठून ट्रंकेतून आपली जुनी पेटी काढली, तिच्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि रविवारी सभागृहात आणावयाच्या पिशवीत ठेवली.

आता दर रविवारी चार वाजता सभागृहात मेज मांडलेले असते. आजोबा असतात, ती बारा वर्षांची मुलगी असते, आणि अलीकडे तिची शामायही असते. नातीने तिला चौथ्या खुर्चीवर बसवून दोन रविवारांत तयार केले. गेल्या रविवारी ती खुर्ची आमच्या वाट्यास आली. शामाय चुकीचे पान टाकीत आहे असे आम्हांला स्पष्ट दिसले, आणि आम्ही तोंड उघडले. मेजावरच्या तिघांनीही एकदम ओठांवर बोट ठेवले.